साडेतीन महिन्यांची लेक बाटलीला तोंड लावत नाही, रजा संपत आली

रात्रजागी

लेक साडेतीन महिन्यांची झाली. जन्मापासून अंगावरच पितेय, वजन छान वाढतंय, डॉक्टरांची काही तक्रार नाही. माझीही नव्हती, रजेचा शेवट दिसायला लागेपर्यंत. पुढच्या महिन्याच्या अखेरीला मला कामावर रुजू व्हायचंय आणि जाण्यायेण्यासकट दिवसाचे नऊएक तास मी घरी नसणार. सुरुवातीला नवरा घरी थांबेल, नंतर सासूबाई सांभाळतील. माणसांची अडचण नाही. अडचण बाटलीची आहे.

बाईसाहेब बाटली घेत नाहीत. निपल ओठांना लागलं की आधी माझ्याकडे रोखून बघते, मग जिभेनं ते बाहेर लोटते, तरी आम्ही हटलो नाही तर अंगाची कमान करून असा सूर लावते की शेजारी दार वाजवतील. कधी मूड बरा असला तर निपल हिरड्यांनी चावत बसते. पण चोखत नाही. कोड्यात टाकणारी गोष्ट ही, की महिन्याची असताना मी तापानं पडले होते तेव्हा हीच मुलगी बापाच्या हातून बाटलीनं मुकाट दूध प्यायली होती. पुढे गरज पडली नाही, बाटली कपाटात गेली, आणि आता काढली तर ही ओळखसुद्धा दाखवायला तयार नाही.

करून पाहिलेलं: निपलं बदलली, छोटी, मोठी, रुंद, निमुळती. दूध कोमट दिलं, त्याहून थोडं गरम दिलं. सपाटून भूक लागेपर्यंत थांबलो. पोट भरलेलं असताना नुसती पुढे धरली. मी दिली, नवऱ्यानं दिली. सासूबाईंचं म्हणणं, "तू दिवसभर बाहेर जाऊन बस, भूक लागली की झक मारत घेईल." मैत्रीण म्हणते निपलला मध लाव. माझी आई म्हणते बाटलीचा नाद सोड, वाटी-चमचा घे. नवरा काही म्हणत नाही, तो बाटल्या धुतो.

भुकेनं रडवून बाळ खरंच शिकतं का? (हे लिहितानासुद्धा मला पान्हा फुटतोय, त्यामुळे माझ्याच्यानं ते होईलसं वाटत नाही.) महिन्याची असताना घेत होती ती आता का घेत नाही? आणि घेतलीच, तर मागे किती दूध ठेवून जायचं?

"नोकरी सोड" हा सल्ला मिळून झालाय. तो सोडून बाकी काहीही ऐकायची तयारी आहे.


कडेवरची

बाकीचं जाणकार सांगतील, मी फक्त मधाचं सांगायला आले. अजिबात नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा लावायचं नसतं. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाला त्यानं काही होत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते वाढले तर बोट्युलिझम होतो. बाळ लुळं पडतं, श्वासापर्यंत गोष्ट जाऊ शकते. मैत्रिणीलाही सांग.

आमची मुलगी बाटली घ्यायची ती फक्त आजोबांकडून. आजीकडून नाही, आईकडून तर नाहीच. कारण आजतागायत कळलेलं नाही.


घरबाबा

आमच्याकडे बायको कामावर गेली आणि मी घरी राहिलो. मुलगा तेव्हा तुमच्या लेकीहून थोडाच मोठा होता आणि बाटलीबद्दल त्याचं मत तुमच्या लेकीसारखंच होतं. त्यामुळे हा प्रतिसाद लांबणार आहे, तेव्हा बाटल्या धुऊन झाल्या की नवऱ्याला वाचायला द्या. तुमच्यापेक्षा त्याच्या कामाचा आहे.

पहिलं म्हणजे तुम्ही घरात नको. शेजारच्या खोलीत दार लावून बसणं पुरत नाही. मुलगा माझ्या मांडीवर असायचा, मी बाटली धरलेली असायची आणि त्याचे डोळे दाराकडे. आई आत आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं; मग तो बाटली कशाला घेईल? बायको खरोखर फिरायला बाहेर पडली की थोडा वेळ कुरकुर व्हायची आणि मग तो माझ्याकडे वळायचा. काही बाळांचं उलट असतं, त्यांना आईच्याच मांडीवर बाटली चालते, तेव्हा आमचं तेच सगळ्यांचं असं म्हणत नाही. पण तुम्ही दिलेली तिनं नाकारलीय, मग बाहेर जाऊन बघायला हरकत नाही. आईचा वापरलेला टीशर्ट अंगावर घेऊन बसा, हाही सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. मी बसलो होतो. मुलगा वास घेत घेत टीशर्टात आईला शोधायला लागला, सापडली नाही म्हणून आणखी चिडला. मी टीशर्ट धुवायला टाकला.

वेळेचं. सपाटून भूक लागलेली असताना नवीन गोष्ट पुढे करू नका. त्या अवस्थेत त्याला शिकायचं नसतं, प्यायचं असतं, आणि ज्या रस्त्यानं दूध येतं हे माहीत आहे तोच रस्ता हवा असतो. पोट टम्म असेल तर त्याला देणंघेणंच नसतं. आम्हाला सापडलेली फट म्हणजे दुपारच्या झोपेतून उठता उठता. डोळे अर्धे मिटलेले, ओठ आपोआप हलत असतात, भूक आहे पण अजून डोक्यात गेलेली नाही. बाटली तयार करून शेजारी ठेवायची आणि वाट बघत बसायचं. तो जागा होऊन रडायला लागल्यावर दूध गरम करायला धावलात तर ती वेळ गेली.

बसण्याची ढब. अंगावर पिताना तुम्ही जसं आडवं घेता तसं मी घेतलं की तो माझ्या शर्टाकडे तोंड वळवायचा आणि तिथे काहीच नाही हे कळलं की भोकाड. म्हणून मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचो, गुडघे दुमडलेले, आणि त्याला मांड्यांना टेकवून माझ्याकडे तोंड करून बसतं धरायचो. कधी पाठ माझ्या पोटाला आणि तोंड खिडकीकडे. काही वेळा तर उभं राहून, डुलत डुलत. जवळजवळ बसतं असलं पाहिजे एवढंच.

आता प्रत्यक्ष बाटली. तोंडात घालू नका. निपल वरच्या ओठावर, नाकाच्या जरा खाली टेकवायचं आणि थांबायचं. खरंच थांबायचं. तो हुंगेल, चाटेल, हात मारेल. तोंड मोठं उघडलं तर आत, नाही उघडलं तर नाही. तुमची लेक चावत बसते ना? चावू दे! माझ्या मते तिथेच तुमचं अर्धं काम झालंय. ज्या वस्तूच्या नुसत्या स्पर्शानं ती रडत होती ती आता आपणहून तोंडात धरतेय. त्या वेळी घाईनं बाटली वर करून दूध ओतू नका, नाहीतर चावणंही बंद होईल.

चोखायला लागली की बाटली जवळजवळ आडवी धरा, निपलमध्ये जेमतेम दूध राहील इतकी. बाटली उभी केली की दूध आपोआप घशात येतं, बाळाला गिळण्यावाचून इलाज नसतो. आडवी असली की ते ओढेल तेवढंच येतं. काही घोट झाले की बाटलीचं बूड खाली करायचं, निपल तोंडातच, पण दूध मागे जातं. तो श्वास घेतो, बघतो, परत ओढतो, मग परत आडवी. डोळे मोठे झाले, भुवया चढल्या, बोटं ताणून पसरली, ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळलं, तर त्याला झेपत नाहीये, थांबा. असं पाजायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. अंगावर पितानाही साधारण तेवढीच लागतात, तेव्हा चुळबुळ करू नका.

आणि रडायला लागला की डाव संपला. "थोडंच राहिलंय" नाही, "आता घेतच होता" नाही. बाटली खाली, बाळ खांद्यावर, खिडकीशी. आई आली की अंगावर. रडणाऱ्या तोंडात निपल सारत राहिलात तर दुसऱ्या दिवशी ते बाटली नुसती बघून रडतं. आम्ही दिवसाकाठी एखाददोनदाच बाटली काढायचो, बाकी वेळ तिचं नावही नाही.

शेवटचं, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बाटलीत दूध थोडं घाला, तळाशी पंधरा-वीस मिली. पंपाला बसून थेंब थेंब काढलेलं दूध सिंकमध्ये ओतताना जीव जातो हे तर आहेच. पण बाटली भरलेली असली की आपल्याला ती संपवून घ्यायची हाव सुटते आणि बाळाला ती बरोबर कळते.

एका दिवसात काही झालं नाही. आज दोन घोट, उद्या शून्य, परवा अचानक सगळं, मग पुन्हा दोन दिवस तोंड वाकडं. शून्याच्या दिवशी निपल बदलायला धावू नका.


दूधवेळा

मी स्तनपान समुपदेशक म्हणून काम करते. घरबाबांनी पाजण्याचं इतकं नीट लिहिलंय की त्यात मी काही घालत नाही. तुमच्या प्रश्नांपुरतं लिहिते.

महिन्याची असताना घेत होती ती आता का नाही: तेव्हा ती ठरवून घेत नव्हती. तान्ह्या बाळाच्या तोंडात वरच्या टाळूला काही टेकलं की चोखणं आपोआप सुरू होतं, ती प्रतिक्षिप्त क्रिया असते. तीन महिन्यांच्या आसपास ती विरत जाते आणि चोखायचं की नाही हे बाळ स्वतः ठरवू लागतं. तुमची लेक काही विसरलेली नाही, तिला आता निवड करता येते आणि तिनं ती केलीय. म्हणूनच अंगावरचं पिणं नीट बसलं की, म्हणजे साधारण तीन-चार आठवड्यांनंतर, बाटली दाखवावी आणि मग अधूनमधून चालू ठेवावी असं आम्ही सांगतो. ही वेळ टळली तरी बाळ शिकतं, फक्त मग त्याची संमती लागते.

उपाशी ठेवणं: नाही. रडून थकलेलं बाळ कधीकधी घेतं, त्यावरून लोकांना वाटतं उपाय लागू पडला. पण कित्येकदा ते थकून झोपतं आणि बाटलीशी रडणं जोडलं जातं ते वेगळंच. पाणी देऊन वेळ मारून नेणंही सहा महिन्यांच्या आत नको. चोवीस तासांत शूचे निदान सहा डायपर ओले व्हायला हवेत. ते कमी झाले, तोंड कोरडं पडलं, डोक्यावरची टाळू खोल गेली, बाळ मलूल वाटलं तर निपलाचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. बाटलीशी दर वेळी ठसका लागत असेल, ओठ निळसर होत असतील, किंवा अंगावरही नीट घेईनाशी झाली, तरीही डॉक्टरच. तोंडात पुसून न निघणारे पांढरे चट्टे असले तर बुरशीचा संसर्ग असू शकतो, तेव्हा चोखताना दुखतं. तुमच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही.

निपल: एकच निवडा आणि त्यावरच राहा. रोज नवं निपल म्हणजे रोज नवी ओळख. टोकापासून बुडापर्यंत उतार हळूहळू रुंद होत गेलेला असावा, म्हणजे ओठ त्या उतारावर पसरून बसतात. बूड खूप रुंद आणि वर एकदम छोटंसं टोक असं असेल तर बाळ नुसतं टोक धरतं आणि कडेनं हवा ओढतं. "अगदी आईसारखं" असं लिहिलेलं निपल दिसतं तेव्हा माझ्या कपाळावर आठी येते. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंची, त्यातच बाटल्या आणि निपलंही आली, लोकांत जाहिरात करू नये असा आंतरराष्ट्रीय संकेत जागतिक आरोग्य सभेनं १९८१ साली संमत केला. तो पाळला जातो तितका जातो, असो. "स्लो फ्लो" या शब्दालाही सगळ्या कंपन्यांचं मिळून एक माप नाही. एकाचं स्लो दुसऱ्याच्या मध्यमपेक्षा वेगवान निघू शकतं. बाटली उलटी केल्यावर धार लागली तर ते निपल तुमच्या कामाचं नाही. उलट बाळ जोर लावून ओढतंय, निपल आत चेपतंय आणि दूध येत नाही म्हणून चिडतंय, तर ते फार हळू आहे. पाजण्याआधी निपल कोमट पाण्यात बुडवून घ्या, गार रबर काहींना अजिबात खपत नाही.

किती ठेवायचं: इथे बहुतेक आया घाबरून फ्रीझर भरतात. फक्त अंगावर पिणारं बाळ एक ते सहा महिन्यांच्या काळात दिवसाला सरासरी ७५० मिलीच्या आसपास पितं. कुणी सहाशे, कुणी नऊशे. आणि पहिल्या महिन्यानंतर हा आकडा फारसा वाढत नाही, कारण बाळ मोठं होतं तशी वाढीची गती कमी होते. म्हणून डब्यातल्या पावडरीच्या दुधाचा तक्ता इथे लावू नका. नऊ तासांचा हिशोब साधारण २८० मिली होतो. तीनशेच्या आसपास ठेवा, ६० ते ९० मिलीचे भाग करून. निघताना अंगावर पाजून निघा, आल्या आल्या पाजा, मग मधल्या वेळेला तेवढंही लागणार नाही कदाचित.

ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिने उत्तम राहतं. खोली त्याहून गरम असेल तर थेट फ्रीज. बाळानं तोंड लावलेलं उरलं तर दोन तासांत संपवा नाहीतर टाका. गरम करायला बाटली कोमट पाण्यात ठेवा. मायक्रोवेव्ह नको, वरून कोमट आणि मध्येच चटका अशी गत होते. वर साय आलेली दिसेल, हलकेच गोल फिरवलं की मिसळते.

आणि कामावर असताना साधारण दर तीन तासांनी दूध काढा. तिकडे बाळ बाटली प्यायलं आणि इकडे तुम्ही काढलं नाही तर शरीराला वाटतं मागणी घटली.


वाटीवाली

अगं, तुझ्या आईचंही ऐक. माझ्या मुलानं बाटली शेवटपर्यंत घेतली नाही. या सगळ्या युक्त्या करून झाल्या, आडवी, उभी, झोपेत, खिडकीत. नाही म्हणजे नाही. आणि तो उपाशी राहिला नाही, माझी नोकरीही गेली नाही. हे अशासाठी सांगते की रात्री दोनला जागी असताना "बाटली नाही म्हणजे सगळं संपलं" असं वाटतं, मला वाटायचं.

आम्ही छोट्या उघड्या कपानं पाजलं. वेळेआधी जन्मलेल्या बाळांनाही असं पाजतात, त्यामुळे साडेतीन महिन्यांच्या धडधाकट मुलीला जमणार नाही असं काही नाही. पद्धत मात्र समजून घे. बाळ बसतं धरायचं, हात मध्ये येतात म्हणून पंचात गुंडाळायचं, कप अर्धा भरायचा. कड खालच्या ओठावर टेकवायची आणि दूध ओठाला लागेल इतपतच तिरका करायचा. पुढे काही करायचं नाही. ते जीभ बाहेर काढून लपलप करून घेतं, मोठी बाळं सुरकतातसुद्धा. तोंडात ओतायचं नाही, मागे झुकवून तर मुळीच नाही, ठसका लागतो. सांडतं खूप. गळ्याखाली फडकं ठेव आणि सांडलेल्याचा हिशोब ठेवू नकोस. चमच्यानंही तसंच, ओठावर टेकवून. चमच्याला वेळ फार लागतो म्हणून मला कप बरा वाटला.

धुणंही सोपं. निपलाच्या आतल्या कोपऱ्यात दूध साचायची भानगड नाही.

दुसरी गोष्ट तुला कोणी आधी सांगणार नाही म्हणून सांगते. तो दिवसा अगदी बेतानं प्यायचा, दुपारी थोडं, बाकी झोपून काढायचा. आणि मी घरात पाऊल टाकलं की सुरू. संध्याकाळ, रात्र, पहाट, सगळी वसुली. बरीच बाळं असं करतात, दिवसाचं रात्री भरून काढतात. वजन वाढतंय, शू होतेय, तर घाबरायचं कारण नसतं. पण तुझी झोप जाते. त्याची तयारी ठेव. संध्याकाळचं घरकाम दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घाल आणि लवकर आडवी हो.

सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू झालं, मग स्ट्रॉचा कप आला आणि विषय मिटला. वर्ष-दीड वर्षाचं झाल्यावर बाटली सोडवायची असते ना, ती लढाई आम्हाला लढावीच लागली नाही. :)


रात्रजागी

सगळ्यांचे आभार. मधाचा निरोप पोचवला. नवऱ्यानं घरबाबांचा प्रतिसाद वाचून काही न बोलता सोफ्याची जागा बदलली, आता तो खिडकीसमोर आहे.

प्रगती आहे पण विचित्र आहे. दुपारी झोपेतून उठताना मी बाहेर असले की ती त्याच्याकडून घेते, थोडं का होईना, चोखून घेते! पण सकाळी काढलेलं दूध दुपारी दिलं तरच. फ्रीजमधलं आदल्या दिवशीचं दिलं की एक घोट, चेहरा वाकडा, आणि सगळं फुर्र करून त्याच्या शर्टावर. दूध खराब झालं म्हणावं तर चार दिवस व्हायला खूप अवकाश आहे. काल मी हुंगून बघितलं. साबणासारखा वास येतोय. बाटली साबणानं धुतल्याचा असेल म्हणून नुसत्या उकळत्या पाण्यातून काढली, तरी तेच.


दूधवेळा

दूध खराब नाहीये. आईच्या दुधात लायपेज नावाचं विकर असतं, ते चरबी फोडतं आणि बाळाला ती पचायला सोपी जाते. काही आयांच्या दुधात हे काम फ्रीजमध्येही जोरात चालू राहतं, त्यानं साबणासारखा किंवा किंचित धातूसारखा वास-चव येते. अपाय काहीच नसतो. पुष्कळ बाळं निमूट पितात, काहींना चालत नाही. तुमची दुसऱ्यातली, पण तिनं ताजं घेऊन आणि शिळं फुंकून तुमची परीक्षा स्वतःच उरकून दिलीय.

शक्य तेव्हा त्याच दिवशी काढलेलं द्या. नाहीतर वास किती वेळानं येतो ते बघा: एक छोटा भाग फ्रीजमध्ये ठेवून दर काही तासांनी हुंगा. त्याच्या आत वापरता येत असेल तर आणखी काही करायला नको. साठवायचंच असेल तर काढल्या काढल्या भांड्यात मंद आचेवर ठेवा, कडेला बारीक बुडबुडे दिसले की उतरवा. उकळी आणायची नाही. साधारण ८२ अंशांना हे बुडबुडे दिसतात. लगेच भांडं थंड पाण्यात बुडवून गार करा आणि मग फ्रीज किंवा फ्रीझर. विकर निकामी होतं, वास येत नाही. हे आधीच करावं लागतं, एकदा आलेला वास तापवून जात नाही. तापवल्यानं दुधातले काही संरक्षक घटक कमी होतात, म्हणून सरसकट सगळं दूध तापवत बसू नका. उरलेला वेळ ती अंगावर पितेच आहे.

फ्रीझरमध्ये आधीचा साठा असेल तर त्यातली एक पिशवी आजच वितळवून हुंगून बघा. रुजू व्हायच्या दिवशी कळण्यापेक्षा बरं.


रात्रजागी

साठा हुंगला. सगळा साबण. :( पण आता तापवून ठेवायला सुरुवात केलीय आणि कालचं आज तिनं कुरकुर न करता घेतलं. वाटीवाली, कपही आणून ठेवलाय, हाताशी असला की धीर येतो.

घरबाबा, एकच राहिलं. नवऱ्याची सुट्टी संपली की सासूबाई पाजणार. त्यांचा हात मोकळा आहे, प्रेमानं करतात, पण बाटली उभी धरतात आणि "संपव गं राणी" चालू असतं. त्यांना दुखावून चालणार नाही. कसं सांगायचं?


घरबाबा

सांगू नका. बघू द्या. नवरा घरी आहे तोवर सासूबाईंना दुपारच्या वेळी शेजारी बसवा, पाजायचं त्यानंच. कधी थांबतो, बाटली कधी खाली करतो हे त्या आपोआप बघतील. मग एखाद्या दिवशी अर्ध्यातून बाटली त्यांच्या हातात द्यावी, बाळ आधीच चोखत असताना. तिला हात बदललेला कळेल, पण बाटली ओळखीची असेल. पुढच्या वेळी सुरुवातीपासून त्या. आणि तिनं त्यांची वेगळी पद्धत काढून घेतली तर घेऊ द्या; माझ्या सासूबाई मुलाला पाजताना सबंध वेळ त्याच्याशी गप्पा मारायच्या, मी मारल्या की तो प्यायचा थांबायचा.

"संपव"चा उपाय बाटलीतच आहे. त्यांच्यासाठी साठच मिलीचे भाग करून ठेवा. संपलं तर त्यांना आनंद, आणखी हवं असेल तर दुसरा भाग काढता येतो. "डॉक्टरांनी एका वेळी एवढंच सांगितलंय" हे वाक्य नवऱ्याच्या तोंडी घाला, तुमच्या नको.

आणि निपलं मधूनमधून उजेडात ताणून बघत जा. ती चावते म्हणालात. भेग पडलेलं, चिकट झालेलं किंवा भोक मोठं झालेलं निपल असेल तर टाकून त्याच मापाचं नवं लावा, आणि दोन जास्तीची आधीच घरात ठेवा.